तक्रार केली तर आईवरच राग काढतील का?

पत्र

आई ८२ वर्षांची. गाव गुहागर तालुक्यात. वडील गेल्यावर घरात एकटीच असायची. गेल्या पावसाळ्यात मागीलदारी पाय घसरून पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. मी डोंबिवलीला दोन खोल्यांत राहते, नोकरी करते. भाऊ सुरतेला. दिवाळीनंतर आईला चिपळूणजवळच्या एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात ठेवलं. महिन्याला १८ हजार भरतो. दर महिन्याला एका शनिवारी फोन करून जायचे, तेव्हा आई आंघोळ करून, वेणी घालून खुर्चीत बसलेली असायची. या वेळी गावात काम निघालं म्हणून बुधवारी रात्री आठला न कळवता गेले. आई ओल्या डायपरमध्ये पडलेली. माकडहाडावर रुपयाएवढी लाल-काळी जखम. वॉकर दारामागे भिंतीला टेकवलेला, त्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत घातलेले. खाटेच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता होता, त्यात रात्री दहाच्या आणि बाराच्या चौकोनातही खुणा आधीच करून ठेवलेल्या. २६ माणसांना रात्री एकच मावशी. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक म्हणाले, "या वयात कातडी अशीच होते," आणि भिंतीवरचं नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. भाऊ म्हणतो, काही बोलू नकोस, आईवर राग काढतील. दाभोळच्या बाजूला समुद्रावर नवीन केअर सेंटर झालंय, ३५ हजार सांगतात, फोटो फार सुंदर आहेत. तिकडे हलवू का? की नोकरी सोडून तिला घरी आणू? आईला थोडा विसर पडतो, पण माणसं ओळखते. गावातले नातेवाईक आधीच बोलतायत.

— एक मुलगी, डोंबिवली

उत्तर

ताई, हलवायचं की ठेवायचं, तक्रार करायची की नाही, हे सगळं नंतर बघू. आधी जखम.

तुम्ही "लाल-काळी" लिहिलंय, त्यातला काळा शब्द मला खटकला. नुसती लाली असेल तर ती बोटाने दाबून बघतात. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली, तर तिथलं रक्त अजून फिरतंय. दाबूनही लालच राहिली, तर आत इजा सुरू झालेली असते. काळं दिसतं तिथली कातडी बहुतेक मेलेली असते, आणि खाली किती खोल गेलंय ते वरून कळत नाही. म्हणून चिपळुणातल्या सर्जनला ही जखम उद्याच्या उद्या दाखवा. तुम्हाला जाता येत नसेल तर गावातल्या कुणाला पाठवा, पण "डॉक्टर शुक्रवारी राउंडला येतात तेव्हा बघतील" यावर थांबू नका. ताप, घाण वास, पू, किंवा आई एकाएकी गप्प आणि सुस्त झाली, यातलं काहीही दिसलं तर उद्याचीही वाट बघू नका, १०८ बोलवा.

व्यवस्थापक म्हणाले ते अर्धंच खरं आहे. म्हातारपणी कातडी पातळ होते, खरंच. पण ती नुसत्या वयाने फाटत नाही. माकडहाड, खुबा, टाचा या ठिकाणी हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतं. माणूस एकाच बाजूवर तासन् तास पडून राहिलं की त्या जागेचं रक्त अडतं. त्यात खाली लघवीने ओलं, आणि वर सरकवताना उचलण्याऐवजी ओढलं, की कातडी सोलवटते. बिछान्यावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते ती यासाठी. फार आजारी माणसाला चांगल्या ठिकाणीही बेडसोर होतो, हे मी वॉर्डात नोकरी करताना पाहिलंय. पण बहुतेक बेडसोर टाळता येतात, आणि टाळता आला नाही तर निदान घरच्यांना फोन तरी जातो. तुम्हाला फोन आला नाही. जखमेइतकीच मला ही गोष्ट गंभीर वाटते.

तिथल्या मावशींना आणि सिस्टरना इतकं स्पष्ट सांगा: आईला उताणं ठेवायचं नाही, पाठीशी उशी लावून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे कलतं ठेवायचं. पोटरीखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. खुर्चीत बसवलं तर तासातासाने उठवायचं किंवा बूड हलवायचं. लाल जागेला तेल लावून चोळायचं नाही, त्याने आतली इजा वाढते. पावडर नको. मधे भोक असलेली रबराची रिंग तर अजिबात नको. अजून पुष्कळ लोक ती हौसेने आणून देतात, पण ती कडेने रक्त अडवते. एअरबेड घेतलात तर चांगलंच, पण एअरबेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं होत नाही. आणि जेवण. जखम भरायला प्रथिनं लागतात. आईला नुसती पेज आणि आटवल मिळत असेल तर पोट भरेल, जखम भरणार नाही. अंडं, डाळ, दही, खात असेल तर मासे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

आता तो वॉकर. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त सांगून गेला तो हाच, टॉवेल वाळत घातलेला वॉकर. खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई वॉकर घेऊन चार पावलं चालते तेव्हा तिला कमोडपर्यंत जाता येतं, आणि डायपरची गरज कमी होते. तिला चालवायला एक माणूस दहा मिनिटं लागतो. तो माणूस नसेल तर वॉकर भिंतीला जातो, डायपर लागतो, पाठ टेकते, आणि काही आठवड्यांनी माकडहाडावर जखम दिसते. म्हणजे जखमेचं मूळ त्या बुधवारच्या रात्रीत नाही, कितीतरी आधी तिला चालवणं थांबलं तिथे आहे. विचारा त्यांना, शेवटचं कधी चालवलं होतं? फिजिओथेरपिस्ट येत होता का, आणि तो कोणी बंद केला? कदाचित पैसे वाचवायला तुमच्या भावानेच बंद करायला सांगितला असेल. तसं असेल तर तेही कळलेलं बरं.

आठ वाजता बाराच्या चौकोनात खूण होती, त्या तक्त्याचा फोटो काढलात का? काढला असेल तर जपून ठेवा, तारीख-वेळ फोनमध्ये असतेच. नसेल तर आजच वहीत लिहून काढा: किती वाजता गेलात, काय दिसलं, कोण होतं, कोण काय बोललं. जखमेचाही फोटो, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, म्हणजे पुढच्या वेळी वाढली की भरली ते दिसेल. पण त्या तक्त्यावरून मावशींवर तुटून पडू नका. २६ माणसांमध्ये समजा दहा जण बिछान्यावर आहेत. प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी, मधे डायपर, मधे कोणी हाक मारतंय, कोणी उठून चालायला लागलंय. एका बाईने हे रात्रभर करायचं म्हटलं तर होणारच नाही. तिला ते माहीत आहे, व्यवस्थापकांना माहीत आहे, आणि तरी तक्ता भरलेला दिसला पाहिजे असं कुणीतरी तिला सांगितलंय. ती बाई बहुधा बारा तासांची ड्युटी तुटपुंज्या पगारावर करते आणि सकाळी घरी जाऊन चूल पेटवते. दोष तिच्या एकटीच्या जिवावर रात्र काढणाऱ्यांचा आहे, आणि तुमची तक्रारही त्यांच्याकडेच जायला हवी.

प्रमाणपत्राचं सांगते, कारण त्याला भुलणारी माणसं पुष्कळ आहेत. ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हिशोब तपासून घेतले का, हे त्यात बघतात. रात्री किती माणसं ड्युटीवर असावीत, बेडसोर किती झाले, याच्याशी त्या कागदाचा संबंध नाही. ज्या ठिकाणी रुग्ण म्हणून माणसं ठेवून उपचार करतात, त्यांना राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली आरोग्य यंत्रणेकडे वेगळी नोंदणी लागते. आईला नळी, सलाईन, ऑक्सिजन असलं काही तिथे देत असतील तर ती नोंदणी आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तुम्हाला ठाऊक असेल. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम सरकारने काढावा, अशी तरतूद त्यात आहे. पण पैसे घेऊन चालणाऱ्या खाजगी आणि संस्थांच्या वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, आणि त्याचा कायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये केअर होमवर सरकारी तपासनीस जातात. ते पाच गोष्टी बघतात: जागा सुरक्षित आहे का, काळजीचा गुण येतो का, माणसं मायेने वागतात का, ज्याची त्याची गरज ओळखतात का, आणि चालवणारे नीट चालवतात का. त्यावर श्रेणी देतात, आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे आईच्या खोलीत अचानक जाऊन बघणारं सध्या तरी तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही बुधवारी रात्री जे केलंत ती तपासणीच होती.

म्हणूनच भावाचं ऐकून गप्प बसू नका असं मी म्हणते. त्याची भीती मी खोटी ठरवत नाही. राग काढतात. उघड मारझोड क्वचित; पण हाक मारली तर उशिरा जाणं, पाणी लांब ठेवणं, "तुमच्या मुलीला सांगा मग" असं बोलणं, हे होतं. यावर माझा अनुभव असा आहे, की ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही त्यांच्या वाट्याला हे जास्त येतं. ज्यांच्याकडे माणूस कधी येईल सांगता येत नाही, त्यांना हात लावताना विचार होतो. तेव्हा तक्रार करून दोन महिने न फिरकणं, यासारखं वाईट काही नाही. तक्रार करायची आणि पाठोपाठ जात राहायचं. रोज तुम्ही नाही जाऊ शकत. पण गावातला कुणी चिपळूणला बाजाराला येतो, कुणाचा मुलगा तिथे कॉलेजात आहे, देवळातल्या भजनी मंडळातली बाई आहे. आठवड्यातून दोन-तीन वेगवेगळ्या वेळी कोणीतरी दहा मिनिटं डोकावून आईची पाठ बघून यावं. आणि दिवसातून एकदा व्हिडिओ कॉल, पण वेळ ठरवून नाही.

सगळ्याच्या आधी आईशी बोला. पडवीत, बागेत, जिथे कोणी ऐकत नाही तिथे. "इथे बरं वाटतं का" असं विचारू नका, ती "बरं आहे गो" म्हणेल आणि तुमची चिंता मिटवायला बघेल. विचारा: रात्री तहान लागली तर काय करतेस? काल बाथरूमला कुणी नेलं? कुणाची भीती वाटते का? थोडा विसर पडणारी माणसंही याची उत्तरं बरेचदा बरोबर देतात, कारण भीती सहसा विसरत नाही. तिला तिथलं कोण आवडतं हेही विचारा. एखादी मावशी तिच्या जिवाची झाली असेल, तर हलवण्याच्या निर्णयात त्याचंही वजन आहे.

मग व्यवस्थापकांना लेखी द्या. भांडणाची भाषा नको, मागण्या लिहा. जखमेची आजची स्थिती आणि उपचार त्यांनी लिहून द्यावेत. कूस बदलण्याची, जेवणाची, चालवण्याची योजना लिहावी. रात्री दुसरी मावशी कधीपासून येणार ते सांगावं. पडणं, ताप, जखम, जेवण सोडणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी फोन यावा. दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. एक प्रत विश्वस्तांच्या नावाने रजिस्टर पोस्टाने पाठवा, कारण बऱ्याच ट्रस्टमधले विश्वस्त मुंबईला असतात आणि आश्रमात काय चालतं हे त्यांना खरोखर माहीत नसतं. तिथल्या इतर माणसांच्या घरच्यांचे नंबर मिळवा. रात्री दुसरी मावशी पाहिजे ही मागणी सहा-सात घरांनी मिळून केली, तर राग धरायला कुठलीच एक आजी सापडत नाही.

आठ-दहा दिवसांत हालचाल दिसली नाही, तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, तिथे नोंदवा. जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना आणि धर्मादाय कार्यालयाला तुमच्या पत्राची प्रत द्या. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, तेव्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं असं काही आढळलं तर ही सगळी पत्रं बाजूला ठेवून थेट ११२. "काढून टाकतील" याला मी फार घाबरणार नाही; तसं झालंच तर निदान आठवडाभराची मुदत मागून घ्या, आणि तेवढ्यात पुढची जागा शोधलेली असू द्या.

पुढच्या जागेकडे येते. दाभोळच्या त्या केंद्राबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते, फोटो बघून मला ती जागा नकोशी वाटली. समुद्र आईला खिडकीतून दिसेल. पण तुम्ही बुधवारी रात्री आठला तिथे पोचू शकाल का? चिपळूणला दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर पकडून जाता येतं. दाभोळला दापोलीपर्यंत गाडी, पुढे वळणावळणाचा रस्ता. आईला मध्यरात्री धाप लागली तर दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत तोच रस्ता, उलट दिशेने, पावसात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी. एअरबेडचा पंप, ऑक्सिजनचं मशीन, पाण्याची मोटर, सगळं विजेवर. त्या केंद्रात जनरेटर आहे का, त्याचं डिझेल किती दिवस पुरतं, आणि शेवटचा कधी चालवून बघितला, हे विचारा. "आहे" एवढ्या उत्तरावर जाऊ नका, समोर चालू करून दाखवायला सांगा.

चिपळूणवालेही यातून सुटत नाहीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा एका कोविड रुग्णालयात वीज गेली आणि आठ रुग्ण दगावले. बिछान्यावरच्या माणसांना तळमजल्यावर ठेवणं सोयीचं, सगळीकडे तसंच ठेवतात. पण रात्री दोनला पाणी दारात आलं, तर दहा बिछान्यांवरची माणसं वरच्या मजल्यावर एक मावशी कशी नेणार? तुमच्या आश्रमाची इमारत पूररेषेच्या आत आहे की बाहेर, नगरपरिषदेत नकाशावर बघता येतं. डोंगराच्या पायथ्याशी असेल तर मागची दरड बघा. पाऊस तोंडावर आलाय, हे प्रश्न जूनच्या आधी विचारून घ्या. जागा बदला किंवा बदलू नका, ते विचारायचेच आहेत.

आगीचंही. १ जानेवारी २०२३ ला दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या वृद्धांच्या केअर होमला आग लागून दोन वृद्ध बायका गेल्या. आपल्याकडे अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, बी नमुन्यातलं, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ते मागा. पण त्याहून साधं बघा: रात्री जाळीच्या दाराला कुलूप लावतात का, आणि किल्ली कुठे असते. विसरभोळी माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून कुलूप लावतात, ते समजू शकतं. किल्ली व्यवस्थापकांच्या घरी असते, हे मात्र समजून घेण्यासारखं नाही.

कुठलीही नवी जागा बघायला सकाळी अकराला जाऊ नका, त्या वेळी सगळीकडे फिनेलचा वास येतो. संध्याकाळी सातला जा, जेवणं चालू असतात. बिछान्यावरच्या माणसाला भरवताना बसतं केलंय की आडव्या तोंडात चमचे कोंबतायत ते बघा. आडवं भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का. हाक मारायची बेल उशाशी आहे का. ती एकदा दाबून बघा आणि माणूस यायला किती वेळ लागतो तो मोजा. नखं, टाचा, कवळी बघा. न्हाणीघरात पकडायला दांडी, पायाखाली न घसरणारी फरशी, आणि दार बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराला माणूस पडून अडला तर दार उघडता येत नाही. बाहेर जांभ्याच्या पायऱ्या असतील तर पावसात त्यांच्यावर शेवाळ धरतं, तुम्हाला हे मी काय सांगायचं, आई तशीच पडली. औषधं प्रत्येकाच्या नावाने पाकिटात आहेत की एकाच डब्यात सुट्या गोळ्या. झोपेची गोळी कुणाला, कोणाच्या चिठ्ठीवर. रात्री शांतता राहावी म्हणून सरसकट गोळी देणाऱ्या जागा आहेत, आणि सकाळी गुंगीत उठून पडणारी माणसं तिथलीच असतात.

एक प्रश्न मी नेहमी विचारायला सांगते: गेल्या सहा महिन्यांत इथे कोण कोण पडलं? "आमच्याकडे कोणी पडत नाही" असं उत्तर आलं तर तिथून उठा. वीस-पंचवीस म्हातारी माणसं सहा महिने एकत्र राहतात आणि एकही पडत नाही, असं होत नाही. ते लिहून ठेवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. जो वही काढून दाखवतो, अमुक आजी अमुक दिवशी रात्री पडल्या, मग आम्ही खाट खाली केली आणि रात्रीचा दिवा लावला, त्याच्याकडे आईला ठेवायला मी तयार होईन, मग भिंतीचा रंग उडालेला का असेना. महिन्याच्या महिन्याला वजन लिहितात का, तेही विचारा. वजन उतरत गेलं की जेवण, दात, आजार किंवा दुःख, काहीतरी आहे.

करारात अनामत परत कधी, रुग्णालयात नेलं तर सोबत कोण राहणार, दर कधी वाढणार, हे लिहून घ्या. आई सत्तरीच्या पुढची आहे, तेव्हा ज्येष्ठांसाठीचं सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढा आणि त्याची प्रत तिच्या फायलीत ठेवा. घर किंवा जमीन संस्थेला देऊन आजन्म सांभाळाचा सौदा कोणी सुचवला, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही नको.

नोकरी सोडून घरी आणू का, हा प्रश्न तुम्ही शेवटी आणि एका ओळीत लिहिलाय, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत. दोन खोल्यांत, दिवसभर एकटीने, अशा जखमेच्या माणसाला उचलणं, पुसणं, कूस बदलणं तुम्हाला झेपणार नाही. सहा महिन्यांत तुमची कंबर जाईल आणि पगारही नसेल. तो पगार आईच्या काळजीसाठीच लागणार आहे. डोंबिवलीला आणायचंच तर रात्रीची बाई ठेवून, नोकरी न सोडता, आणि खर्चाचा अर्धा भाग भावाने लेखी कबूल करून. किंवा तिसरी वाट: बदलापूर-कर्जत-पनवेलकडे एखादी जागा, जिथे तुम्ही ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोनदा पोचाल. त्यात आईचं गाव सुटतं, बोली सुटते, ताटातला मासा सुटतो, आणि ८२ व्या वर्षी हे लहान नुकसान नाही. म्हणून हे तिलाच विचारा, दोन्ही बाजू नीट सांगून. ती चिपळूणच म्हणाली, तर चिपळूणमध्येच नीट करून घेऊ.

नातेवाईकांचं एका वाक्यात: जे बोलतायत त्यांना आठवड्यातला एक वार द्या, आईकडे जाऊन पाठ बघून यायला. जो जाईल त्याचं ऐका.

जखम दाखवली की डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. खोल निघाली तर ड्रेसिंग कोण करणार, किती दिवसांनी करणार आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा, हे व्यवस्थापकांकडून त्याच कागदावर लिहून घ्या. आणि त्या वॉकरवरचे टॉवेल आजच काढायला सांगा.